बोगद्यातली हजेरी

१/ संगणकजाळ्यांच्या इतिहासात शोधांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, देखरेखीच्या क्वचित. आजचा धागा एका साध्या प्रश्नाचा आहे : शेकडो मैलांवरच्या शाखेतले यंत्र जिवंत आहे की नाही, हे मुख्यालयाला कसे कळते? १९७० नंतर अमेरिकेत या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे देणारे दोन संप्रदाय वाढले. एक आयबीएमचा, दुसरा इंटरनेटचा. पुढे या दोघांची गाठ राउटरमधल्या एका 'बोगद्यात' पडली आणि साक्ष कोणाची मानायची, हा पेच उभा राहिला.

२/ आधी आयबीएम. सप्टेंबर १९७४ मध्ये कंपनीने आपली जाळ्याची रचना जाहीर केली : सिस्टम्स नेटवर्क आर्किटेक्चर, म्हणजे एसएनए. मध्यभागी मेनफ्रेम. तिच्या पुढ्यात ३७०५ सारखा संवाद-नियंत्रक. तिथून निघणाऱ्या टेलिफोन कंपनीच्या भाड्याच्या तारा. तारेच्या दुसऱ्या टोकाला शाखेतला क्लस्टर कंट्रोलर, आणि त्याला जोडलेले ३२७० जातीचे टर्मिनल. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांचा रोजचा व्यवहार अशा तारांवरून चाले.

३/ या तारांवरची भाषा म्हणजे एसडीएलसी. तिची शिस्त जुन्या शाळेतल्या वर्गासारखी होती. तारेवर एक मुख्य स्थानक आणि एक किंवा अनेक दुय्यम स्थानके. दुय्यमाने आपण होऊन बोलायचे नाही. मुख्याने पत्ता घेऊन पुकारायचे, की दुय्यमाने उत्तर द्यायचे. सांगण्यासारखे काही असेल तर ते सांगायचे, नसेल तर नुसते 'हजर' म्हणायचे. ही हजेरी अखंड चाले. इंग्रजीतून आलेला शब्द वापरायचा तर, पोलिंग.

४/ या हजेरीने दोन कामे एकाच वेळी होत. बोलण्याची पाळी ठरे, आणि जिवंतपणाचा पुरावाही मिळे. ठरलेल्या अवधीत उत्तर आले नाही तर मुख्य स्थानक पुन्हा पुकारी. काही प्रयत्न वाया गेले की ते स्थानक मृत ठरे आणि त्यावरची सत्रे तुटत. शाखेतल्या रोखपालाच्या पडद्यावर काम अर्ध्यात थांबे. येथे मौनाचा अर्थ ठाम होता : जो बोलत नाही, तो नाही.

५/ म्हणून आयबीएमच्या जगात देखरेख हे निराळे शास्त्र फारसे नव्हतेच. गुरुजी एक, हजेरीपट एक. कोण गैरहजर हे मेनफ्रेमला आपोआप कळे. १९८६ मध्ये आयबीएमने आपली जाळे-व्यवस्थापनाची विखुरलेली साधने 'नेटव्ह्यू' या एका नावाखाली आणली, तीही मेनफ्रेमवरच. सत्ता केंद्रात होती आणि ज्ञानही केंद्रातच होते.

६/ आता दुसरा संप्रदाय. अर्पानेटला आरंभी एक नियंत्रण केंद्र होते, मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या कंपनीत. तथापि २७ ऑक्टोबर १९८० रोजी संपूर्ण अर्पानेट काही तास ठप्प झाले. कारण विलक्षण होते. यंत्रातल्या बिघाडाने काही बिट गळाले, त्यामुळे तारांच्या स्थितीची वार्ता देणारे संदेश विकृत झाले, आणि तेच एकमेकांना ढकलत साऱ्या जाळ्यात फिरत राहिले. आपली प्रकृती कळवण्याची व्यवस्थाच जाळ्याला आजारी पाडून गेली.

७/ १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेले. त्यानंतर जे वाढले ते जाळ्यांचे जाळे. त्याला एक मालक नव्हता, म्हणून एक हजेरीपटही नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात माइक म्यूस यांनी 'पिंग' लिहिला. हाक मारावी आणि प्रतिध्वनी ऐकावा, इतकेच त्याचे काम. राउटर उत्तर देतो की नाही, हे त्यातून कळे. तो आतून कसा आहे, हे कळत नसे.

८/ ही उणीव ऑक्टोबर १९८६ मध्ये टोचली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांत अंतर सुमारे ४०० यार्डांचे. त्या दोहोंमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावून टीसीपीच्या वागणुकीत सुधारणा सुचवल्या आणि १९८८ मध्ये त्यावर गाजलेला निबंध लिहिला. यंत्रे मेलेली नव्हती, पण जाळे निरुपयोगी झाले होते. 'हजर' या शब्दापलीकडचे काहीतरी विचारता येणे निकडीचे होते.

९/ १९८७ मध्ये तीन वाटा दिसत होत्या. एक, क्रेग पार्ट्रिज आणि ग्लेन ट्रेविट यांची 'हेम्स'. दुसरी, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ओएसआय प्रकल्पातली भारदस्त पण अवजड सीएमआयपी. तिसरी, नोव्हेंबर १९८७ मध्ये जेम्स डेव्हिन, जेफ्री केस, मार्क फेडॉर आणि मार्टिन शॉफस्टॉल यांनी मांडलेली एसजीएमपी. ती अगदी साधी होती आणि राउटरांवर लगेच चालवता येत होती.

१०/ एप्रिल १९८८ मध्ये व्हिंट सर्फ यांनी लिहिलेल्या आरएफसी १०५२ या दस्तऐवजात निर्णय आला. तूर्त एसजीएमपीला सुधारून वापरा, दीर्घकाळासाठी ओएसआयची वाट धरा. पार्ट्रिज यांनी एकमतासाठी आपला प्रस्ताव मागे घेतला. ऑगस्ट १९८८ मध्ये 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', अर्थात एसएनएमपी, प्रसिद्ध झाला. दीर्घकाळाची ती वाट इंटरनेटवर कधी रुजलीच नाही. पावसाळ्यापुरती म्हणून उभारलेली शेड पुढे राहते घर झाली.

११/ एसएनएमपीचे तत्त्व असे : राउटरात एक लहानसा 'एजंट' असावा. त्याने आकडे मोजून ठेवावेत, विचारल्यास सांगावेत, निष्कर्ष काढू नये. निष्कर्ष विचारणाऱ्याने काढावा. पहिल्या आवृत्तीत संदेशांचे प्रकार पाचच : हे दे, पुढचे दे, हे बदल, हे घे उत्तर, आणि न विचारता दिलेली खबर, म्हणजे ट्रॅप. हे संदेश यूडीपीवरून जात. विचारणा १६१ या पोर्टवर, खबर १६२ वर.

१२/ काय विचारायचे याची यादी म्हणजे 'मिब'. ती वंशावळीसारखी एका झाडावर मांडलेली असते आणि प्रत्येक आकड्याला त्या झाडावरचा पत्ता असतो. सिस्को कंपनीचे सारे पत्ते १.३.६.१.४.१.९ ने सुरू होतात. त्यातला ६ म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते, शेवटचा ९ म्हणजे सिस्को. आजही पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कार्यालयाने आपल्या राउटरला एसएनएमपीने काही विचारले, की त्या प्रश्नाच्या पत्त्यात हे खाते बहुधा येते. दस्तऐवजावर जुन्या दरबाराची मोहर राहावी, तसे.

१३/ दोन्ही संप्रदायांतला खरा भेद येथे आहे. यूडीपीत संदेश पोचण्याची हमी नसते. राउटरने उत्तर दिले नाही तर तो मेला असेल, वाट तुटली असेल, प्रश्न वाटेत हरवला असेल, उत्तर हरवले असेल, किंवा विचारणाऱ्याला अधिकारच नसेल. एसडीएलसीत मौन म्हणजे मृत्यू. एसएनएमपीत मौन म्हणजे केवळ मौन.

१४/ आता बोगदा. १९८० चे दशक सरता सरता मोठ्या संस्थांकडे दोन जाळी झाली होती : मेनफ्रेमच्या जुन्या तारा, आणि नव्या लॅन जोडणारे राउटर. एकाच दोन शहरांमध्ये दोन तारांचे भाडे भरावे लागे. मेनफ्रेम फेकून देणे शक्य नव्हते, कारण धंदा तिच्यावर चालत होता. मग जुनी तारच नव्या जाळ्यातून नेली तर? डिसेंबर १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सिस्कोने आपल्या राउटरांत यासाठी जी सोय दिली तिचे नाव सिरियल टनेल, संक्षेपाने 'स्टन'.

१५/ रचना अशी. मेनफ्रेमकडची सिरियल तार जवळच्या राउटरात जाते. तो एसडीएलसीची प्रत्येक चौकट उचलून आयपी पाकिटात गुंडाळतो आणि दूरच्या राउटरकडे पाठवतो. तिकडचा राउटर ती उघडून शाखेच्या तारेवर सोडतो. दोन्ही टोकांच्या यंत्रांना वाटते, आपल्यात पूर्वीचीच तार आहे. पोर्टांच्या जागतिक नोंदवहीत सिस्कोच्या सिरियल टनेलचा क्रमांक १९९४ आहे, आणि शेजारचा १९९३ सिस्कोच्याच टीसीपीवरील एसएनएमपीचा. (इंटरनेट फोनसाठी वापरतात तो 'स्टन' २००३ चा आणि वेगळा. केवळ नावसाधर्म्य.)

१६/ पण हजेरीचे काय? भाड्याच्या तारेवर उत्तराला लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो. आयपी जाळ्यात तो बदलता. कधी गर्दी, कधी वाट बदलणे. पुकारा गेला, शाखेने 'हजर' म्हटले, पण उत्तर दोन क्षण उशिरा आले की मेनफ्रेमच्या लेखी शाखा मृत. शिवाय सांगण्यासारखे काही नसतानाही चालणारी ही पुकार-हजर अशी ये-जा महागड्या दूरच्या तारेवर अखंड वाहत राही.

१७/ यावर काढलेला उपाय म्हणजे 'लोकल अ‍ॅकनॉलेजमेंट', स्थानिक पोच. मेनफ्रेमजवळचा राउटर शाखेच्या वतीने स्वतःच 'हजर' म्हणू लागला. शाखेजवळचा राउटर मेनफ्रेमच्या वतीने हजेरी घेऊ लागला. मधल्या बोगद्यातून फक्त खरा मजकूर जाई, तोही टीसीपीच्या हमीने. महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही हा प्रकार परिचित आहे : ही प्रॉक्सी होती.

१८/ या प्रॉक्सीला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. मधली वाट क्षणभर तुटून दुसऱ्या वाटेने जुळली, तर शाखेचे सत्र तुटू नये, रोखपालाचे काम थांबू नये, हाच तिचा हेतू होता आणि तो पुष्कळ अंशी साधला. बोगदा कायमचा कोसळला तर राउटर प्रॉक्सी थांबवी आणि सत्र रीतसर तुटे. प्रश्न उरला तो ज्ञानाचा. पूर्वी मेनफ्रेमचा हजेरीपट हा शाखेविषयीचा प्रत्यक्ष पुरावा होता. आता तो शेजारच्या राउटरविषयीचा पुरावा झाला. नोंद तीच, अक्षर तेच, पण साक्षीदार बदलला.

१९/ म्हणजे सत्र तुटले की नेटव्ह्यूवर दिसे 'शाखा गेली', पण का गेली हे दिसत नसे, कारण मधले राउटर त्याच्या हजेरीपटावर नव्हते. दुसरीकडे राउटर सांभाळणाऱ्याच्या एसएनएमपी पडद्यावर सिरियल इंटरफेस 'चालू' दिसे. तेही खरेच होते. राउटर आणि शेजारचे यंत्र यांतली तार शाबूत होती. तुटला होता तो बोगदा, आणि बोगदा म्हणजे इंटरफेस नव्हे. दोन साक्षीदार, दोघेही खरे बोलणारे, आणि तरी शाखेत पडदा बंद.

२०/ म्हणून बोगद्याविषयी वेगळे विचारता येणे आवश्यक ठरले. सिस्कोने स्टनसाठी स्वतंत्र मिब दिली. तिच्यात गटांचा तक्ता, पोर्टांचा तक्ता आणि मार्गांचा तक्ता. कोणत्या पत्त्याचा मार्ग कोणत्या जोडीदार राउटरकडे जातो, त्याची अवस्था काय, किती पाकिटे गेली आणि आली, हे प्रत्येक मार्गाला वेगळे विचारता येऊ लागले. जोडीदाराची अवस्था बदलली की राउटर आपण होऊन ट्रॅप पाठवी. जानेवारी १९९५ मध्ये आरएफसी १७४७ ने एसडीएलसीच्या तारांसाठीही एक सामाईक मिब दिली. मेनफ्रेमच्या जगातली गुपिते आता इंटरनेटच्या झाडावर टांगली गेली.

२१/ तरी हे आकडे वाचणे ही कलाच होती. एजंट सांगतो ती आतापर्यंतची बेरीज. वेग हवा असेल तर दोनदा विचारून वजाबाकी करावी लागते. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे गेला की पुन्हा शून्यावर येतो. १० मेगाबिटांच्या भरलेल्या तारेवर हे सुमारे ५७ मिनिटांत घडते. राउटर बंद होऊन सुरू झाला तरी शून्यच. ही दोन शून्ये वेगळी ओळखायची तर राउटर किती काळ चालू आहे हेही सोबत विचारावे लागते. आणि हे घड्याळही ४९७ दिवसांनी शून्यावर येते!

२२/ मग ट्रॅपवर विसंबावे काय? ट्रॅपही यूडीपीवरूनच जातो आणि त्याची पोच नसते. गाव तोडणाऱ्या पुराची बातमी त्याच वाहून गेलेल्या पुलावरून यायची असते. म्हणून एसएनएमपीच्या कर्त्यांची शिफारस मधली होती : ट्रॅप हा इशारा समजावा, आणि त्यावरून कोठे विचारायचे ते ठरवून पुन्हा प्रश्न करावेत. शहाण्या देखरेखीत बोगद्याच्या दोन्ही टोकांना विचारले जाई. एका टोकाने पाठवलेले आणि दुसऱ्या टोकाला मिळालेले जुळते का, हे पाहिले जाई. एकाच बखरीवर इतिहास लिहू नये, तसेच हे.

२३/ काळाचे अंतरही साक्ष बदलते. टोबियास ओटिकर यांनी इंग्लंडमधल्या लेस्टर येथील डी मॉंटफर्ट विद्यापीठात ६४ किलोबिटांच्या एका तारेवर नजर ठेवण्यासाठी एमआरटीजी लिहायला घेतला आणि १९९५ मध्ये तो खुला केला. एसएनएमपीचे आकडे दर पाच मिनिटांनी घेऊन तो आलेख काढी. जगभर तो पसरला. पण पाच मिनिटांच्या सरासरीत चाळीस सेकंदांचा खंड सपाट होऊन जातो. आलेख सुरळीत दिसतो, आणि तेवढ्या चाळीस सेकंदांत शाखेतली सत्रे तुटून गेलेली असू शकतात.

२४/ आणखी एक धोका : जो विचारू शकतो तो बदलूही शकतो. १९९० च्या इंटरॉप प्रदर्शनात जॉन रॉम्की यांनी एसएनएमपीने चालू-बंद होणारा टोस्टर मांडला होता. लोक हसले, पण मुद्दा गंभीर होता. पहिल्या आवृत्तीत ओळखीची खूण म्हणजे उघडा पाठवलेला एक शब्द, आणि अनेक ठिकाणी तो 'पब्लिक' असाच ठेवलेला. २००२ च्या फेब्रुवारीत फिनलंडच्या औलू विद्यापीठाच्या चाचण्यांतून अनेक कंपन्यांच्या एजंटांमधल्या त्रुटी उघड झाल्या. सुरक्षित तिसरी आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरात पूर्ण मानक झाली. तोवर बहुतेकांनी एसएनएमपीला 'बदल' म्हणण्याचा हक्क काढून घेतला होता आणि फक्त 'सांग' इतकेच काम ठेवले होते.

२५/ पुढे बोगदे कमी झाले. आयबीएमने १९९३ मध्ये डीएलएसडब्ल्यू ही अधिक व्यापक पद्धत प्रसिद्ध केली. मग मेनफ्रेमच स्वतः टीसीपी/आयपी बोलू लागली आणि एसडीएलसीच्या तारा हळूहळू निघाल्या. प्रश्न मात्र निघाला नाही. वीज उपकेंद्रांतली जुनी सिरियल नियंत्रक यंत्रे आजही आयपी जाळ्यांतून नेली जातात. तेथेही केंद्र पुकारते, दूरचे यंत्र 'हजर' म्हणते, आणि मध्ये राउटर असतात.

२६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेत आपलीच पद्धत दिसते. समोर आलेल्या कागदाला आपण तीन प्रश्न विचारतो : हे कोण बोलतो आहे? त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याच्या वतीने सांगितले? आणि केव्हाचे? मेनफ्रेमचा हजेरीपट, इंटरफेसचा हिरवा दिवा, बोगद्याचा तक्ता, यांपैकी खोटे कोणीच नव्हते. प्रत्येक जण आपल्यापुरते खरे बोलत होता. चूक होत असे ती एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर लिहिल्याने.

२७/ जाळे अधिक विश्वासार्ह करण्यासाठी आपण त्यात प्रतिनिधी नेमतो. प्रत्येक प्रतिनिधी एक बिघाड झाकतो आणि झाकताना त्याचा पुरावाही झाकतो. म्हणून प्रतिनिधी नेमतानाच त्याला स्वतंत्रपणे विचारण्याची सोय ठेवावी लागते. एसएनएमपी आणि सिरियल टनेल यांच्या भेटीतून १९९० च्या दशकाने हा धडा घेतला. एखाद्या सेवेचा फलक 'सर्व सुरळीत' म्हणत असेल आणि आपल्या पडद्यावर मात्र काहीच उमटत नसेल, तेव्हा विचारावे : ही हजेरी नेमकी कोणी लावली?

(धागा समाप्त. या विषयावरचे प्रश्न खाली जरूर विचारा.)